पेन उचलणारा माणूस

'माहीत नाही' एवढं म्हणताना ज्याच्या चेहऱ्यावर, मुलीकडच्यांनी मानपान चोख केल्यावर वरबापाच्या चेहऱ्यावर येतो तसला आनंद यायचा, असा एकच माणूस मी पाहिला आहे. तो आमच्या ऑफिसात सहा वर्षं होता. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो.

लातुरात हे दोन शब्द चारचौघांत म्हणायला किती छाती लागते, ते बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे परक्या माणसाने पत्ता विचारला, की मिनिटात तीन जण तीन दिशा दाखवतात आणि त्यातल्या दोन अतिशय ठामपणे चुकीच्या असतात. पत्ता ठाऊक नसला तरी चालतं. तो सांगता न येणं मात्र घराण्याच्या अब्रूवर येतं.

एकदा आमच्या गल्लीतल्या चहाच्या हॉटेलात एक पाहुणा बॅग घेऊन आला आणि डोळ्याच्या एका दवाखान्याची वाट विचारू लागला. बाकड्यावरच्या एकाने पूर्वेला हात केला, दुसऱ्याने पश्चिमेला. पाहुणा मधल्यामध्ये पंख्यासारखा मान फिरवत राहिला. तेवढ्यात चाचा बशी खाली ठेवून उठले आणि निवडणुकीचा निकाल जाहीर करावा तसे गरजले, "मला माहीत न्हाई!"

पाहुण्याची मान थांबली.

"आन ह्या दोघांना बी माहीत न्हाई," चाचा पुढे म्हणाले. "कोपऱ्यावर मेडिकल हाय, त्याला विचारा."

ते दोघे पुढचा आठवडाभर चाचांशी बोलले नाहीत. चाचांना त्याचं काही नव्हतं. उलट, आता चहा शांतपणे पिता येतो म्हणाले.

मी स्वतः नेमका उलट्या जातीचा. मला गोष्ट सांगायला लागते, आणि गोष्टीत जिथे काही आठवत नाही तिथे मी पदरचं घालतो. इतकं बेमालूम घालतो, की नंतर माझं मलाच ते खरं वाटतं. चाचा मात्र स्वतःची गोष्ट सांगतानाही मध्येच थांबायचे. "मंग आम्ही नांदेडहून निघालो, गाडी पुलापाशी आली... इथलं मला आठवत न्हाई." आणि खरोखर गप्प बसायचे. आपण बसायचं ताटकळत. थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू करायचे, थेट घरी पोचल्यापासून. त्या गप्प बसण्याच्या काळात मी त्यांच्या गाडीला किती वेळा अपघात घडवला, त्याला गणती नाही.

चाचा मूळचे कंधारचे. घर किल्ल्याच्या बाजूच्या जुन्या वस्तीत. नांदेडच्या एका सरकारी कचेरीत ते ट्रेसर होते, म्हणजे पाण्याच्या पातळीचे, पावसाचे आलेख मेणकागदासारख्या पारदर्शक कागदावर शाईने काढायचे. ही कामं पुढे कॉम्प्युटरने खाल्ली आणि चाचा निवृत्त होऊन लेकीजवळ लातूरला आले. दर शनिवारी मात्र कंधारची बस.

ते आमच्याकडे कसे आले, ती गोष्ट मी न फुगवता सांगतो, कारण ती फुगवायची गरजच नाही.

आमचं ऑफिस एका डाळीच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. जिन्यात बारमाही तुरीचा वास. जे गार ठेवायचं असतं ते खरंच गार राहिलं का, हे रेघेवर दाखवायचं हा आमचा धंदा. दुधाच्या टाकीला किंवा औषधांच्या फ्रीजला एक डबी लावायची. ती दर दहा मिनिटांनी तापमान मोजून सिमकार्डावरून आमच्याकडे आकडा पाठवते आणि आमचा प्रोग्राम त्या आकड्यांची रेघ काढतो. समोरच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान होतं. चाचा तिथे आले होते, काखेत जुने आलेख ठेवायची पत्र्याची लांब नळी घेऊन. आमचं दार उघडं होतं. ते दारातच उभे राहिले, माझ्या स्क्रीनकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले,

"ही रेघ खोटी हाय."

मी वळून बघितलं. "काय म्हणालात?"

"रविवारी मोजलं होतं का?"

मी आकडे बघितले. शनिवारी रात्री डबी बंद पडली होती, ती सोमवारी सुरू झाली होती. "नाही," म्हणालो.

"मंग रविवारची रेघ कुठनं आली?"

मी त्यांना समजावलं, की काका, कुणी मुद्दाम काढलेली नाही. प्रोग्रामला फक्त आलेले आकडे दिसतात. शनिवारच्या शेवटच्या आकड्यावरून तो सोमवारच्या पहिल्यावर जातो आणि मधे सरळ रेघ ओढतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उजव्या हाताची तीन बोटं जुळवून हवेत एक रेघ काढत आणली, रविवारपाशी हात वर उचलला, तसाच अधांतरी पुढे नेला आणि सोमवारी अलगद टेकवला.

"आम्ही पेन उचलायचो," ते म्हणाले. "तुमच्या मशीनला हात उचलायला शिकवा."

दुसऱ्या दिवसापासून ते आमच्याकडे कामाला. पद काय द्यायचं ते कळेना, म्हणून 'तपासनीस' म्हटलं.

आमच्या प्रोग्रामर पोरांना वाटलं, म्हाताऱ्याला काय कळणार. म्हाताऱ्याने एक वही घातली आणि आमचा सगळा प्रोग्राम पेन्सिलीने, हाताने उतरवून काढला. महिनाभराने त्यातल्या चुका लाल शाईने. पहिली चूक अशी, की एका पोराने न आलेल्या आकड्यांच्या जागी शून्य भरलं होतं. त्यामुळे ऐन मे महिन्यात चाकूरच्या दुधाची रेघ दिवसातून चारदा गोठणबिंदूला जाऊन यायची.

"अरे बाबा," चाचा त्याला म्हणाले, "शून्य म्हंजी मोजलं आन शून्य भरलं. रिकामं म्हंजी मोजलंच न्हाई. पाहुणा घरी आलाच न्हाई, आन पाहुणा आला पर उपाशी गेला, हे एकच का?"

पोरगं ओशाळलं. त्याने शून्य काढून तिथे आधीचाच आकडा पुढे ढकलायची सोय केली.

"काल जेवला म्हणून आज पोट भरलं का तुझं?"

मग मी मध्ये पडलो. मी मालक, शिवाय तडजोडीत हुशार. म्हणालो, चाचा, मधली जागा आपण तुटक रेघेने जोडू, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की हा अंदाज आहे.

"साहेब, तुटक रेघ म्हंजी हळू आवाजात खोटं बोलणं."

अशी त्यांची भांडणं चालायची आणि आमचा प्रोग्राम सुधारत जायचा. मोठी अडचण ही होती, की न आलेला आकडा प्रोग्रामला दिसणार कसा? जे आलंच नाही, त्याची त्याला खबरच नाही. ह्यावर चाचा, ते पोरगं आणि मी दोन दिवस डोकं खाजवत होतो. चाचांनी शाळेतला इलाज सांगितला. "आधी हजेरीपट मांडा. दर दहा मिनिटाला एक नाव. मंग आलेल्यांची हजेरी घ्या. गैरहजर कोण, ते आपोआप कळतंय." तसं केलं. आधी सगळ्या वेळा मांडल्या, त्यांच्यापुढे आलेले आकडे बसवले, आणि जिथे काही बसलं नाही तिथे रेघ तुटली. इतकं सोपं.

तरी ते खूश नव्हते. एकदा त्यांनी दाखवलं, की दोन मोठ्या खिंडारांच्या मध्ये एकच आकडा आला होता आणि तो आमच्या आलेखात कुठेच नव्हता. रेघ काढायला दोन बिंदू लागतात. एकट्याची रेघ होत नाही, म्हणून प्रोग्रामने त्याला गिळलं होतं.

"एवढ्या अंधारात एकटा येऊन हजेरी लावून गेला बिचारा," चाचा म्हणाले, "आन तुम्ही त्याला उभं बी करना?"

मग एकट्या आकड्यासाठी ठिपका काढायची सोय केली. त्या दिवशी चाचांनी सगळ्यांना स्वतःहून चहा पाजला. त्यांच्या लेकीच्या सासरचे लोक म्हणायचे, की बाकीचे वर्षातून एकदोनदा ईदचा चांद दिसायची वाट बघतात, दिसल्याशिवाय न मानायचं ह्यांचं रोजचंच.

चाचांच्या नात्यातल्या एका मुलीसाठी स्थळ आलं, तेव्हा मुलाची माहिती वाचायला चाचांना बसवलं होतं. घरदार उत्तम, शिक्षण उत्तम, नोकरी उत्तम. चाचांनी कागद वाचला आणि शिक्षण व नोकरी यांच्या मधल्या तीन वर्षांवर बोट ठेवलं. "इथं काय केलं?" मुलाचे मामा म्हणाले, "काहीतरी केलंच असंल की!" चाचा म्हणाले, "'असंल' नक्को. पोराला विचारा." पोराला विचारलं. तो आजारी वडिलांजवळ बसून होता, तीन वर्षं. मामाला ते सांगायला कमीपणा वाटत होता. मुलीने त्या तीन वर्षांसाठीच त्याला पसंत केलं, असं मला वाटतं. मला *वाटतं*. खरं काय ते मला माहीत नाही. बघा, लागली संगत.

आता मला जे सांगायचं नाही ते सांगतो.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक दुधाची डेअरी. तिची आसपासच्या गावांत अकरा संकलन केंद्रं होती आणि अकराही बायका चालवायच्या. गावचं दूध केंद्रावर यायचं, तिथल्या टाकीत गार व्हायचं आणि सकाळी डेअरीच्या गाडीने जायचं. डेअरीचे मॅनेजर तरुण, चुणचुणीत, इस्त्रीचे. चाचांनी काढलेला तुटक्या रेघांचा आलेख त्यांनी पहिल्यांदा बघितला आणि नाक मुरडलं.

"हे दात पडल्यासारखं काय दिसतंय? वरचे लोक बघतात हो हे. सलग करून द्या."

मी म्हणालो, "करतो."

चाचांना मी सांगितलं नाही. संध्याकाळी ते गेल्यावर गुपचूप एक सोय केली, की मॅनेजरसाहेबांच्या स्क्रीनवर तेवढी रेघ जोडून दिसावी. एक ओळ. मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वर्षभर सगळे सुखी होते. मॅनेजरला सलग रेघ, चाचांना तुटकी, मला दोघांकडून नमस्कार.

आणि मग एका सकाळी चाकूरजवळच्या गावातली, केंद्र चालवणारी अक्का आमचा जिना चढून आली.

अक्का पंचेचाळिशीची, नाकात मोरणी, गळ्यात लिंगायतांचं लिंग, आणि आवाज असा की खाली डाळवाल्याचा तराजू थांबावा. नऊ वर्षं ती ते केंद्र चालवत होती. नवऱ्यामागे तिने त्याच केंद्रावर दोन्ही लेकी शिकवल्या होत्या. तिने पदरातून घडी केलेला कागद काढून टेबलावर आपटला.

"ही रेघ कुणी काढली?"

झालं होतं असं, की आठवड्यापूर्वी अक्काच्या केंद्राचं दूध डेअरीत उकळून बघितलं आणि ते फाटलं. मॅनेजरने आदल्या दिवशीचा आलेख काढला. रेघ सरळ, चार-पाच अंशांवर, कुठे सुरकुती नाही. म्हणजे टाकी गार होती. मग दूध नासलं कशाने? बाईने शिळं मिसळलं असणार. सोमवारच्या बैठकीत तिचं केंद्र काढून घ्यायचं ठरलं होतं.

"मी वरडून वरडून सांगाय लागले," अक्का म्हणाली, "लाइट नव्हती दुपारपासून, दूध तापलं, मी फोन बी केले. तर म्हणतात, अक्का, तुमचं खरं मानायचं का मशीनचं? मशीन कशाला लबाड बोलंल? शिळं दूध! नऊ वर्सांत कुणी असं बोललं न्हाई मला."

चाचांनी तो कागद उचलला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी खुर्चीत जमेल तेवढा बारीक झालो.

"साहेब," ते म्हणाले, "ही आपली रेघ न्हाई."

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

"कुणी काढली?"

मी बोलघेवडा माणूस. कुठल्याही प्रसंगी दोन वाक्यं तयार असतात. त्या दिवशी एका शब्दावर भागवलं. शेवटी म्हणालो, "मी."

मग काय झालं, ते मला नीट आठवत नाही. चाचांचं तेवढं आठवतं. ते उठले, स्वतः कॉम्प्युटरवर बसले आणि त्या दिवशीचा खरा आलेख काढून अक्कापुढे ठेवला. दुपारी एक वाजून दहा मिनिटांपर्यंत रेघ. मग कोरा कागद. मग सायंकाळी साडेसातपासून पुन्हा रेघ, पाच अंशांवर. लाइट गेली की डबीही बंद पडायची. लाइट साडेपाचला आली होती, पण डबीला सिमकार्डाचं नेटवर्क मिळायला आणखी दोन तास गेले. तोवर टाकीने तापलेलं दूध पुन्हा गार केलं होतं. दूध गार झालं, तरी त्यात जे बिघडायचं ते बिघडून गेलं होतं.

अक्काने त्या कोऱ्या जागेवर हात ठेवला. "हाव! हाच टाइम! ह्याच टायमाला लाइट नव्हती!" आणि लगेच, "मंग चाचा, इथं वर चढल्याली रेघ काढा की. दूध तापलं तवा. चांगली उंच काढा."

"न्हाई अक्का."

"का न्हाई?"

"मोजलं न्हाई."

"आवं, मी हात घालून बघितलंय! कोमट झालं होतं!"

"तुम्ही बघितलं. मी न्हाई, डबीनं बी न्हाई. मी कशी काढू?"

अक्का अशी उसळली की विचारू नका. "त्यांना सरळ काढून देता, मला वाकडी देत न्हाई! तुम्ही बी त्यांच्यातलेच!"

मलाही वाटलं, की म्हाताऱ्याचं हे अती होतंय. बाईचं केंद्र जायला निघालं आहे आणि हा तत्त्वं सांगतोय. शिवाय पहिली चूक माझीच होती. मी पुढे झालो, "चाचा, हिशेबाने काढता येईल. बाहेरचं ऊन किती, टाकी केवढी, दूध किती, त्यावरून तापमान कुठवर गेलं असेल..."

चाचा माझ्याकडे वळले. सहा वर्षांत एकदाच त्यांनी माझ्याशी आवाज चढवला, तो तेव्हा.

"एक नसलेली रेघ तुम्ही काढली! आता दुसरी काढून पहिली पुसणार का? उद्या तो मॅनेजर म्हणंल, ह्यांच्या रेघा काय, पाहिजे तशा वाकतात. मंग ही बाई कशाच्या जोरावर उभी राहंल?"

अक्का रागारागात निघाली. चाचांनी तिला जिन्यात गाठून एवढंच विचारलं, "सोमवारी फोन सोबत आणता का?"

सोमवारी डेअरीच्या हॉलमध्ये मॅनेजर, त्यांच्यासमोर अकरा केंद्रांच्या अकरा बायका, आणि एका बाजूला आम्ही दोघे. बैठकीच्या सुरुवातीला मी उभा राहिलो आणि सांगितलं, की तुम्ही बघितलेली रेघ मी जोडून दिलेली होती. मधले सहा तास वीस मिनिटं आमच्याकडे एकही आकडा नाही. एवढं बोलून मी बसलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण.

मॅनेजर हसले. "ठीक आहे ना. नेटवर्क नसेल. आधी चार अंश, नंतर पाच. मधेही चार-पाचच असणार."

"'असणार' हा आकडा न्हाई," चाचा बसल्या जागेवरून म्हणाले.

"बरं काका, मग तुम्ही सांगा. मधे काय होतं?"

"मला माहीत न्हाई."

बायकांत खसखस पिकली. मॅनेजरलाही जोर चढला. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही. मलाही माहीत नाही. मग प्रश्न कुठे राहिला?"

"तुम्हाला माहीत न्हाई, मला माहीत न्हाई," चाचा उठले, "मंग जिला माहीत हाय तिला विचारा की. ती काय बसलीय समोर. रेघ सरळ होती तवा कुणाला विचारायची गरज पडली न्हाई. आता जागा रिकामी हाय. आता विचारावंच लागंल."

मॅनेजरला नाइलाजाने मान वळवावी लागली. "बोला अक्का."

अक्का उभी राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही.

"लाइट सव्वाएकला गेली. जनरेटर तुम्ही गेल्या महिन्यात दुसऱ्या केंद्राला नेला, तो परत दिला न्हाई. मी बर्फाच्या लाद्या आणून टाकीभवती लावल्या, वर वली पोती टाकली. तीनदा फोन केला तुमच्या हापिसात, जनरेटर पाठवा म्हणून. कुणी उचलला न्हाई. लाइट आली, दूध गार झालं, तरी माझा जीव मानंना. म्हणून आठ वाजता तुमच्या मोबाइलवर फोन केला, साहेब. काय म्हणाले मी?"

मॅनेजर समोरचे कागद सारखे करू लागले.

"मी म्हणाले, दूध तापलं होतं, पाठवू का नको? तुम्ही म्हणालात, थांबा, ग्राफ बघतो. आन मंग म्हणालात, ग्राफ बरोबर हाय अक्का, पाठवा."

तिने फोन टेबलावर ठेवला. त्या तारखेचे चारही फोन त्यात होते, वेळेसकट. पहिले तीन उचलले नव्हते. चौथा दोन मिनिटांचा.

"हे सगळं तोंडी आहे," मॅनेजर पुटपुटले. "फोनवर काय बोलणं झालं त्याचा पुरावा..."

चाचांनी खिशातलं शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तो कोऱ्या जागेचा कागद अक्कापुढे सरकवला.

"तोंडी नक्को म्हणतात ना? लिवा, अक्का. रेघ न्हाई काढायची. जे बघितलं, जे केलं, जे बोललात, तेवढंच. खाली सही."

अक्काने लिहिलं. तिचं अक्षर मोठं होतं आणि जागा सहा तासांची, तरी पुरली. लाइट नव्हती. जनरेटर नव्हता. बर्फ लावला. तीन फोन. चौथ्या फोनला विचारलं, पाठवा म्हणाले. सही. मग तिने कागद फिरवून पेन मॅनेजरपुढे धरलं. "यात लबाड काय असंल ते तुम्ही लिवा, साहेब. जागा हाय अजून."

मॅनेजरने पेन घेतलं नाही. अक्काचं केंद्र त्या दिवशी निघालं नाही.

बैठक संपल्यावर मात्र त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "हे बघा, मला माझ्या स्क्रीनवर सलग रेघ पाहिजे. बुधवारी फोन करतो. हो म्हणालात तर करार चालू, नाहीतर दुसरे पुष्कळ आहेत." आमच्या ऑफिसाची अर्धी भाकरी ह्या डेअरीची होती. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बघतो." चाचा शेजारी उभे होते. त्यांनी ऐकलं आणि रस्त्याकडे बघत राहिले.

बुधवारी सकाळी मी ऑफिसात आलो, तर जिन्यात चपलांचा ढीग. वर अकरा बायका. कुणी खुर्चीवर, कुणी सतरंजीवर, दोघी माझ्या टेबलावर. डाळवाल्याने चहाची किटली पाठवली होती. चाचा मधोमध बसून एकेका केंद्राचा वर्षभराचा आलेख काढत होते.

"हे काय?" मी विचारलं.

"आमच्या रिकाम्या जागा न्यायला आलो," अक्का म्हणाली. "आन हितंच भरून जाणार हाव."

त्या खरंच भरत होत्या. 'लाइट नव्हती' तर ढीगभर ठिकाणी होतं. 'नेटवर्क नव्हतं, दूध चांगलं होतं' हेही होतं. एकीने लिहिलं, 'बहिणीच्या लग्नाला गेले होते, बटण बंद राहिलं, चूक माझी.' चाचांनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि एकीनेही हसायचं धाडस केलं नाही. एका म्हाताऱ्या बाईने तासभर विचार करून लिहिलं, 'आठवत नाही.' चाचांनी उठून तिला सलाम केला.

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजर.

मी फोनकडे बघितलं. अकरा जणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी उगाच चार वाक्यं जुळवली नाहीत. म्हणालो, "चाचा, उचला. सांगा, जोडायची नाही."

चाचांनी फोन कानाला लावला.

"हां साहेब, मालकांचा निरोप हाय. रेघ जोडायची न्हाई... हौ, विचार करून सांगायलेत... हा आवाज? बाया हायेत. लिहायल्यात... तुमच्या हापिसात त्या दिवशी तीन फोन का उचलले न्हाईत, ती जागा अजून कोरी हाय. मी तुमचं नाव टाकून बाजूला ठेवलीय. चारच्या आत या. पेन हाय माझ्याकडं."